डमी कार्ड आणि माझा उजवा डोळा

आमच्या कामात डमी नावाची एक वस्तू असते. कंपनीच्या जाडजूड पुस्तकात तिला ब्लँक फिलर म्हटलंय, पण लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत तसं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. बाहेरून ती हुबेहूब कार्डासारखी दिसते. तेवढीच उंच, तेवढीच रुंद, वर आणि खाली तसेच हाताने पिळायचे स्क्रू. आत मात्र काही नाही, नुसता पत्रा. गावोगावचे फोन आणि इंटरनेट ज्या पेटीतून जातात तिच्यात कार्डं कपाटातल्या पुस्तकांसारखी ओळीने उभी असतात, आणि जिथे कार्ड नसेल त्या खाचेत ही डमी सरकवायची असते. खाच उघडी राहिली तर पंख्यांनी ओढलेला वारा कार्डांना न लागताच त्या भोकातून निसटतो, कार्डं तापतात, धूळ आत शिरते. नुसती जागा धरून बसणं हेच तिचं काम. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, म्हणजे आमच्या सुपरवायझरसारखी.

गेल्या भाद्रपदात या डमीपायी आपला उजवा डोळा जाणार, अशी माझी खात्री पटली होती. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, त्यातून पाणीही येत नव्हतं. तरीही सकाळी जाग आली की डोळे घट्ट मिटून मी तशीच पडून राहायचे. उघडला आणि समोरची भिंत काळी दिसली तर?

मी जन्माची भित्री आहे. आंबीतल्या आमच्या घरातून निघताना गॅस बंद आहे का ते दोनदा बघते, कुलूप लावते, आणि कुलूप उघडून पुन्हा एकदा बघून येते. सासूबाई म्हणतात, एक दिवस तो गॅसच तुला भिऊन पेटायचा न्हाई. अशा बाईने डिप्लोमा करून नेमकी ही नोकरी धरली. मावळातल्या ऑप्टिकल नोडची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराकडे मी काम करते. नोड म्हणजे कुठे गावाबाहेर, कुठे डोंगराच्या पायथ्याला बांधलेली एक खोली, तिच्यात त्या पेट्या आणि गुंगं गुंगं करणारे पंखे. केसाएवढ्या बारीक काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, तिथे उजेड येतो आणि पुढे जातो. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. विजेचा झटका बसला तर निदान कळतं तरी. हा डोळ्यात गेला तर त्या क्षणी ना चमक, ना चटका. पुढे केव्हातरी नजरेच्या मधोमध एक डाग उरतो म्हणे. म्हणून काढलेल्या फायबरच्या टोकाला आधी टोपी घालायची, मीटर लावून उजेड आहे का ते बघायचं, आणि टोकासमोर तोंड म्हणून न्यायचं नाही.

हे सगळं मला भाऊंनी शिकवलं. भाऊ पवनानगरच्या पलीकडच्या एका गावचे, पन्नाशी ओलांडलेले. आधी केबलसाठी चर खणायला आले, मग हळूहळू फायबर जोडायला शिकले, आता आमच्या टीममध्ये सगळ्यांत जुने तेच. जीपही तेच चालवतात. दोन वर्षं मी त्यांच्यासोबत फिरले. स्वभावाने मऊ माणूस, फक्त डमीचा विषय निघाला की बिनसायचं. बाकीची मुलं डमी काढतात, कुठेतरी टाकतात आणि विसरतात. मग उघड्या खाचेवर काय लावायचं? लोणावळ्यात चिक्कीच्या खोक्यांना तोटा नाही. खोक्याचा पुठ्ठा कापायचा, चिकटपट्टीने डकवायचा, झालं काम. आमच्याकडे ही पद्धतच पडून गेली होती. भाऊंना असा पुठ्ठा दिसला की ते तो फाडून खोलीबाहेर भिरकावायचे आणि जीपच्या मागे पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या डम्यांमधली एक आणून बसवायचे. एवढा राग कशाला, वारा तर पुठ्ठ्यानेही अडतो, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या दिवशी आम्ही पवनानगरच्या नोडवर होतो. एक कार्ड खराब झालं होतं आणि बदली कार्ड यायला वेळ होता. जुनं काढायचं आणि त्या जागी डमी बसवायची, साधं काम. अंगातली वीज कार्डांना लागू नये म्हणून मी मनगटाला पट्टा बांधला, त्याची वायर पेटीला अडकवली. भाऊंनी कार्डाचा फायबर काढला. मी स्क्रू सैल केले, कार्ड ओढून बाहेर घेतलं, डमी खाचेत सरकवली. अर्ध्यावर गेली आणि अडली. जोर लावायचा नाही हा नियम, आतल्या पिना वाकतात. मी एका हाताने डमी धरली, दुसऱ्या हाताने बॅटरी घेतली आणि कुठे अडतंय ते बघायला खाचेशी तोंड नेलं. आत खालच्या रुळावर चिक्कीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा दुमडून बसला होता. कार्ड बसवण्याआधी कुणीतरी लावलेला पुठ्ठा ओढून काढताना फाटला असणार. मी तो चिमट्याने ओढला, डमी सुळकन आत गेली. तेवढ्यात नजर उजवीकडे गेली. मघाशी काढलेला फायबर तिथे लोंबत होता. त्याला टोपी नव्हती. त्याचं टोक माझ्या उजव्या डोळ्यासमोर होतं, वीतभर अंतरावर.

मी मागे सरले ती थेट भिंतीला जाऊन टेकले. भाऊ मीटर हातात घेऊन दारापाशी उभे होते. मी विचारलं, की त्यात लाइट होती का. पलीकडून, लोणावळ्याच्या बाजूने, लेझर बंद केला असेल तर भ्यायचं काही कारण नव्हतं. चालू असला तरी एवढ्या लांबून येताना उजेड मंदावतो हेही मला ठाऊक होतं. पण वाटेत तो वाढवणारं यंत्र लावलेलं असतं, आणि ते किती वाढवतं हेही ठाऊक होतं. भाऊ पुढे आले, फायबर मीटरला लावला, मीटर डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “लो हाय. लाइट न्हाई. घाबरू नगं.” मीटरवर लो आला म्हणजे उजेड नाही. मी खाली बसून पाणी प्यायले.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. धीट माणसाची संपली असती. माझी मात्र घरी पोहोचेपर्यंत नव्याने सुरू झाली. मीटर लावला तो मी मागे सरल्यानंतर. मधल्या वेळात पलीकडच्याने लेझर बंद केला असेल तर? पुण्याच्या कंट्रोल रूमला फोन करून नेमकी वेळ विचारता आली असती, पण विचारलं की का विचारतेस हे आलंच, आणि त्यामागून चौकशी. टोपी घालायचं काम भाऊंचं होतं. त्यांचं नाव पुढे आलं असतं. मी फोन उचलायची आणि ठेवून द्यायची.

मग मी डोळ्याची परीक्षा घ्यायला लागले. तळेगाव स्टेशनवर डावा डोळा झाकून पाटीवरचं नाव वाचायचं, मग उजवा झाकून. तांदूळ निवडताना एकेका डोळ्याने खडे शोधायचे. टीव्हीवरच्या बातम्यांच्या खालची पट्टी एका डोळ्याने वाचायची. कधी वाटायचं, उजव्याने जरा पिवळट दिसतंय. कधी वाटायचं, मधोमध काहीतरी हललं. भर रस्त्यात हा प्रकार बघून सासूबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं आणि समजावलं, की चौकात असं डोळं मिचकावत उभं राहू नगं, लोकं भलतंच समजत्यात. मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. त्यांना काय सांगणार? नवऱ्याला सांगितलं तर त्याने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायला लावली असती. डॉक्टरकडे जायचीही भीती वाटत होती. डॉक्टरने हो म्हटलं की ते खरं होणार होतं.

एकाच गोष्टीवर मी तग धरून होते. भाऊंनी मीटर बघितला होता. भाऊ कधी खोटं बोलत नाहीत.

पुढच्या आठवड्यात लोणावळ्याच्या नोडवर तसंच काम निघालं. एक डमी काढून तिथे नवं कार्ड घालायचं आणि खालच्या ओळीतलं जुनं कार्ड काढून त्या जागी तीच डमी बसवायची. बाहेर एवढं धुकं होतं की दारातून जीपसुद्धा धड दिसत नव्हती. मी डमी काढून स्टुलावर ठेवली, नवं कार्ड बसवलं, त्याचा दिवा हिरवा झाला. मग जुन्या कार्डाची पाळी आली आणि मी दोन पावलं मागे झाले. टोपी आणि मीटर दोन्ही झाल्याशिवाय मी पुढे वाकणार नाही, असं मी सांगितलं. भाऊंनी फायबर काढला, मीटरला लावला. तसा मीटर बघायचं काम नेहमी माझं असायचं, तू वाच गं पोरी, असं म्हणून ते तो माझ्याकडे द्यायचे. त्या दिवशी माझ्या हातात डमी होती. त्यांनी मीटर लांब धरला, जवळ घेतला, डोकं थोडं तिरकं केलं.

“लो,” ते म्हणाले.

का कोण जाणे, मी डमी ठेवली आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावले. मीटरच्या छोट्या पडद्यावर लो नव्हता. आकडा होता, ठसठशीत आकडा. फायबरमध्ये उजेड होता.

त्या क्षणी नेमकं काय वाटलं ते सांगते. आधी राग आला. एवढा राग मला कधी आला नव्हता, नवऱ्याचा नाही, सासरचा नाही, कुणाचाच नाही. आणि त्या रागाच्या खालून भीती वर आली, थंडगार. म्हणजे पवनानगरचा लोसुद्धा असाच होता. म्हणजे ज्या शब्दावर मी रोज रात्री झोपत होते तो शब्द कुणी वाचलेलाच नव्हता.

मी मीटर त्यांच्या हातातून घेतला, फायबर तसाच लावलेला ठेवून तो त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, यावर काय दिसतंय ते सांगा. मी पुन्हा विचारलं. मग ते केबलच्या रिकाम्या रिळावर बसले.

“मला वाचता येत न्हाई गं,” ते म्हणाले. “त्या दिशीबी आलं न्हाई. तुझं त्वांड बघितलं आन् लो म्हनलो.”

मग थोडंथोडं करून सगळं बाहेर आलं. खूप वर्षांपूर्वी, मी या कामात नव्हते तेव्हा, एका नोडवर अशीच खाच उघडी पडली होती. डमी नव्हती, पुठ्ठासुद्धा नव्हता. आतल्या पिना वाकल्यात का ते बघायला भाऊ बॅटरी घेऊन वाकले, आणि शेजारी टोपी नसलेला फायबर लोंबत होता. तेव्हा काहीच कळलं नाही. पुढे केव्हातरी उजव्या डोळ्याने बघताना समोरच्या माणसाचं नाक दिसेनासं झालं, कडेचे कान तेवढे दिसायचे. ते त्या उजेडानेच झालं की रक्तातल्या साखरेने, हे त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी कुणालाच दाखवलं नव्हतं. दाखवलं की नाव पडतं, आणि नाव पडलं की ना फायबर हातात राहतो ना जीप. इतकी वर्षं डाव्या डोळ्यावर भागलं. आता डावाही धुरकटत होता. बारीक आकडे एकमेकांत मिसळत होते.

डमीवरून ते का चिडायचे, ते आता मला कळलं: खाच पक्की बंद असली की तिच्यात डोळा घालायची वेळच येत नाही. आणि टोपी कशी राहिली तेही कळलं. त्यांनी ती घातली होती, त्यांच्या समजुतीने. टोपी फायबरवर न बसता खाली पडली आणि ते त्यांना दिसलं नाही.

मला ओरडायचं होतं. माझा डोळा गेला असेल तर मी कुणाकडे बघायचं, असं विचारायचं होतं. पण ते रिळावर बसले होते, दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवून, आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. ते मान वर न करता म्हणाले, “चल, तुझा डोळा दावू. मी येतो संगट.”

उरलेलं काम मी एकटीने केलं. कंट्रोल रूमला सांगून लोणावळ्याच्या पलीकडचा लेझर बंद करायला लावला, मीटर स्वतः वाचला, जुनं कार्ड काढलं. डमी रुळावर धरली, सरकवली, बसल्याचा टक आवाज ऐकला, स्क्रू पिळले. वरचा स्क्रू दोनदा निसटला. बाहेर आलो तर धुकं तसंच. भाऊ सवयीने जीपच्या दाराशी गेले. मी तिथेच उभी राहिले. या माणसाच्या शेजारी बसून मी दोन वर्षं पावसात, धुक्यात, पवनेच्या वळणांवरून फिरले होते, डुलक्या काढत. मी म्हटलं, भाऊ, आज लोकलने जाऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जीपला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

तळेगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी एकाऐवजी दोन केसपेपर काढले. भाऊंना ते सांगितलं नाही. आधी मला आत बोलावलं. मग डोळ्यांत थेंब घालून बाहेर बाकावर बसवलं. थेंबांनी बाहुल्या मोठ्या होतात, जवळचं सगळं धुरकट दिसतं, उजेड सहन होत नाही. डोळे मिटून मी बसले आणि तोंडात येईल त्या देवाचं नाव घेत राहिले. आमच्या कुलदैवतापासून सुरुवात केली आणि नवऱ्याकडच्या कुलदैवतालाही सोडलं नाही. भाऊ शेजारी होते. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ माझ्या उजव्या डोळ्यात बघितलं. त्यांच्या यंत्राचा उजेड निदान दिसणारा होता, पण तेवढ्यानेही मी मान मागे घेत होते. मग त्या मागे रेलल्या आणि म्हणाल्या, की पडदा स्वच्छ आहे, कुठेही डाग नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत, झोप पुरेशी घ्या.

बाहेर आले तर भाऊ उठून उभे राहिले. माझ्या धुरकट नजरेला त्यांचा चेहरा नीट दिसेना. मी म्हटलं, काही झालं नाही भाऊ, चांगला आहे डोळा. ते मटकन खाली बसले आणि टॉवेल तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते. मीही शेजारी बसून रडले. बाकावरच्या बायकांना वाटलं असेल, कुणाचंतरी वाईट झालं.

तेवढ्यात नर्सने त्यांचं नाव पुकारलं. ते दचकले. माझ्याकडे वळले, आणि मला वाटलं आता हे उठून सरळ स्टेशन गाठणार. मी त्यांचं मनगट धरलं. मनगट गार पडलं होतं. मी सांगितलं, की मी तुमच्यासोबत आत येते, आणि दवाखान्यातलं कंपनीला कुणी कळवत नाही. दुसरं वाक्य खरं आहे का, हे मला माहीत नव्हतं. ते उठले. दाराची मूठ त्यांना चटकन सापडली नाही, ती मी फिरवली.

आत अंधार होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, कुठला डोळा त्रास देतो ते विचारलं, आणि डाव्या डोळ्यावर काळी झाकणी धरून ती धरायला त्यांचा हात वर केला. मग समोरच्या भिंतीवरच्या पेटीतला दिवा लावला. मोठ्या बाहुल्यांनी मला तो उजेड टोचला, तरी अक्षरं कळत होती. सगळ्यांत वर मोठा क, त्याखाली ग आणि न, त्याखाली बारीक होत गेलेली मराठी अक्षरं.

भाऊ खुर्चीत ताठ झाले. कुणी काही विचारायच्या आत, शाळेत कविता म्हणावी तसं, स्वच्छ आवाजात त्यांनी सुरुवात केली. “ई. एफ, पी. टी, ओ, झेड.”

कंपनीच्या दरवर्षीच्या तपासणीत इंग्रजी अक्षरांचा तक्ता टांगलेला असतो. रांगेत पुढच्या माणसांचं ऐकून ऐकून तो त्यांनी पाठ केला होता. डॉक्टरीणबाईंनी एकदा भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांना थांबवणार तोच भाऊंनी चौथी ओळ म्हटली, न अडखळता, आणि झाकणी तशीच डोळ्यावर ठेवून, मघाशी डॉक्टरीणबाईंचा आवाज आला होता त्या दिशेला तोंड वळवून विचारलं.

“बराबर हाय न्हवं? खालची बी वाचू?”